गेमिंग लॅपटॉप सारखा तापतोय? पेस्ट बदलायला देण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं बघा. खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी तुमच्या लॅपटॉपमध्ये होत असतील तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

- गेम पहिली पाच-दहा मिनिटं मस्त चालतो, मग एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) एकदम निम्म्यावर येतात. थोड्या वेळानं पुन्हा वर, पुन्हा खाली.
- फॅनचा आवाज शेजारच्या खोलीत जातो, पण मागच्या जाळीतून येणारी हवा मंद आणि नुसती कोमट.
- डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांच्या आसपास बोट ठेववत नाही.
- निळा स्क्रीन वगैरे काही न येता लॅपटॉप फट्‌कन बंद पडतो. लगेच चालू केला तर परत बंद, पण थोडा थंड होऊ दिला की नीट चालतो.
- गेम बंद करून बराच वेळ झाला तरी फॅनचा आवाज उतरत नाही.
- रात्री बरा चालतो, दुपारी रडतो.

होळी झाली की सांगलीच्या विश्रामबाग भागात आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर याच तक्रारीची रांग लागते. इंजिनिअरिंगची पोरं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, घराचे थ्रीडी प्लॅन काढून देणारे. वाक्य सगळ्यांचं तेच: "दादा, लई तापतंय ओ. तेवढी पेस्ट बदलून द्या." पेस्ट म्हणजे चिप आणि तिच्यावरचा धातू यांच्यामध्ये लावलेला, उष्णता पुढे नेणारा थर. तिचा दोष निघतोही कधीकधी. पण जास्त वेळा निघतो तो हवेच्या वाटेचा, आणि त्यातलं निम्मं काम घरच्या घरी, फुकटात होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

किती तापणं म्हणजे जास्त?

गेमिंग लॅपटॉप तापणारच. इंटेलच्या एच मालिकेतल्या बहुतेक सीपीयूंची (मुख्य प्रोसेसरची) मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, कोअर अल्ट्रा मालिकेतल्या काहींची ११०. एएमडी रायझनची ९५ ते १०५. एनव्हिडियाचे लॅपटॉपमधले जीपीयू (ग्राफिक्सच्या चिप) साधारण ८७ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतात. त्यामुळे गेम चालू असताना सीपीयू ८५ ते ९० आणि जीपीयू ७५ ते ८२ दाखवत असेल आणि एफपीएस स्थिर असतील, तर लॅपटॉप ठीक आहे. खेळा निवांत. मोबाइलवर कुणाचा तरी ६५ अंशांचा स्क्रीनशॉट बघून घाबरून येणारे बरेच असतात. तो लॅपटॉप बहुतेक एसीच्या खोलीत असतो.

खोलीचा हिशोब सोपा आहे. फॅन खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली १२ अंशांनी जास्त गरम, तर आतली चिपही जवळजवळ तेवढीच जास्त गरम. बऱ्याच कंपन्या आपल्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरा असं लिहितात. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली किंवा पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी सहालाही फारसा फरक पडत नाही. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर आपला अख्खा उन्हाळा कंपनीच्या अटीबाहेर आहे. दुपारी तापतो आणि रात्री नीट चालतो एवढंच लक्षण असेल, तर बिघाड शोधू नका. फक्त पहिल्या दोन पायऱ्या करा.

पायरी १: खालची जागा (खर्च शून्य)

लॅपटॉप उचला आणि खालच्या जाळ्या बघा. हवा तिथून आत जाते, मागून आणि बाजूनं बाहेर पडते. गादी, सतरंजी, उशी, मांडीवरची चादर यांपैकी काहीही खाली असेल तर ती जाळी बंद होते. रबराच्या पट्ट्या झिजून पडल्या असतील तरी तेच, कारण लॅपटॉप टेबलाला चिकटून बसतो.

मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून बघा. दोन पुस्तकं चालतील, लाकडाच्या पट्ट्या चालतील, पण जाळीच्या खालचा भाग मोकळा राहिला पाहिजे. मागे भिंत असेल तर वीतभर पुढे ओढा. नाहीतर बाहेर पडलेली गरम हवा भिंतीला आपटून परत आत जाते. एवढ्यानं तीन-चार अंश उतरले तर समजायचं की हवा कमी पडत होती.

कूलिंग पॅडबद्दल रोज विचारणा होते. दोन पुस्तकांनी तापमान उतरलं नाही तर साध्या कूलिंग पॅडनंही फारसं उतरत नाही, असं माझं मत आहे. चारी बाजूंनी फोम लावून हवा दाबून आत घालणारे पॅड खरंच काम करतात, पण आवाज सहन करायची तयारी ठेवा.

आणि पाण्याच्या कूलरसमोर लॅपटॉप ठेवू नका. गवत जुनं झालं की कूलर हवेबरोबर बारीक थेंब फेकतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते थेंब आत सुकले की पांढरा थर बसतो. कूलर खोलीत असू दे, त्याचं तोंड तुमच्याकडे असू दे, लॅपटॉपकडे नको.

पायरी २: घड्याळ लावून मोजा (तरीही शून्य)

ही पायरी सोडून पुढे जाणारे सगळ्यात जास्त पैसे घालवतात. किती तापला यापेक्षा किती वेळात तापला यावरून दोष कुठे आहे ते कळतं.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. सीपीयूचं तापमान, जीपीयूचं तापमान, लॅपटॉप दाखवत असेल तर फॅनचा वेग, आणि थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे चिप स्वतःचा वेग कमी करते त्याची) ओळ, एवढंच बघायचं आहे. लॅपटॉप टर्बो किंवा परफॉर्मन्स मोडवर ठेवू नका, मधल्या बॅलन्स्ड मोडवर ठेवा. टर्बोमध्ये आजचे ताकदीचे सीपीयू धडधाकट असतानाही क्षणात ९५ ला उडी मारतात, आणि मग निष्कर्ष चुकतो. तुमचा नेहमीचा जड गेम लावा, मोबाइलवर घड्याळ सुरू करा आणि तीन आकडे कागदावर लिहा: दहा सेकंदांनंतर, दोन मिनिटांनंतर, पंधरा मिनिटांनंतर. मग गेम बंद करून तापमान किती वेळात उतरतं तेही बघा.

आकडा हळूहळू चढत गेला, पंधरा मिनिटांनी मर्यादेला भिडला आणि गेम बंद केल्यावरही सावकाश उतरला, तर चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत (चिपवर बसवलेल्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागापर्यंत) नीट पोचते आहे, पण तिथून बाहेर जात नाही. दोष हवेचा: धूळ, फॅन, जागा. पायऱ्या ४ ते ६ तुमच्यासाठी.

बॅलन्स्ड मोडमध्येही पहिल्या काही सेकंदांतच आकडा ९५ च्या वर गेला, गेम बंद करताच धाडकन साठीत आला, आणि मागून येणारी हवा मात्र गार, तर उष्णता चिपवरून पुढेच सरकत नाही. चिप आणि हीटसिंक यांच्यामधला संपर्क बिघडलाय. पेस्ट सुकली असेल, एखादा स्क्रू सैल असेल, किंवा हीटपाइप (चिपकडून उष्णता वाहून नेणारी नळी) मेली असेल. सीपीयूच्या एका कोअरचं तापमान शेजारच्यापेक्षा सतत पंधरा-वीस अंशांनी जास्त दिसत असेल तर संशय आणखी पक्का.

तिसरी शक्यता लोक विसरतात. तापमान सत्तरीत आहे आणि तरी गेम अडखळतोय. मग तापण्याचा काही संबंध नाही. चार्जर बघा. मूळ १८० किंवा २३० वॅटचा अडॅप्टर जळाला म्हणून टाइप-सीचा ६५ वॅटचा लावलाय, आणि मग गेम का चालत नाही म्हणून पेस्ट बदलायला आणलाय, असे लॅपटॉप दर उन्हाळ्यात येतात. जीपीयूला लागणारी वीजच मिळत नसेल तर पेस्ट काय करणार?

पायरी ३: सेटिंग

एफपीएसवर मर्यादा घाला. तुमचा स्क्रीन १४४ हर्ट्झचा असताना गेम २५० फ्रेम काढत असेल तर वरच्या शंभर फ्रेम तुम्हाला दिसत नाहीत, फक्त खोली तापते. गेमच्या सेटिंगमध्ये किंवा एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेटचा पर्याय असतो. उन्हाळ्यापुरतं ९० किंवा ६० वर बांधून बघा. गोष्टीवर चालणारे गेम ६० वर उत्तम चालतात.

दुसरा उपाय सीपीयूची उडी थांबवण्याचा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथं मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. बहुतेक लॅपटॉपवर यानं टर्बो बूस्ट (सीपीयूनं नेहमीच्या वेगाच्या वर उडी मारणं) बंद होतो. एका टक्क्यानं दहा-पंधरा अंश उतरलेले बघून लोकांना जादू वाटते, पण कारण साधं आहे: बूस्टमध्ये शेवटचा थोडासा वेग मिळवायला सीपीयू व्होल्टेज बरंच वाढवतो, आणि उष्णता त्या व्होल्टेजच्या जवळजवळ वर्गानं वाढते. जीपीयूवर चालणाऱ्या गेममध्ये याचा तोटा जाणवत नाही. व्हॅलोरंटसारख्या सीपीयूवर अवलंबून असणाऱ्या गेममध्ये थोडा जाणवेल. व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांनी मात्र हे करू नये, त्यांचा वेळ वाढतो.

टास्क मॅनेजर उघडून, काहीही चालू नसताना सीपीयू किंवा जीपीयू वीस-तीस टक्के का चाललाय तेही बघा. क्रॅक केलेला गेम टाकला असेल तर त्याच्याबरोबर क्रिप्टो मायनर (तुमच्या लॅपटॉपवर गुपचूप दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन काढणारा प्रोग्रॅम) आलेला असू शकतो. तो निघेपर्यंत पंखा शांत होणार नाही.

अंडरव्होल्टिंगबद्दल (सीपीयूचं व्होल्टेज कमी करण्याबद्दल) थोडक्यात: थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरनं जमत असेल तर उत्तम उपाय आहे, पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यावर बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सोय बंद केली गेली. तुमच्याकडे थ्रॉटलस्टॉपमधली व्होल्टेजची ओळ करड्या रंगात दिसत असेल तर नाद सोडा.

पायरी ४: बाहेरून सफाई

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. मऊ ब्रशनं खालची आणि मागची जाळी साफ करा. हार्डवेअरच्या दुकानातला रंगकामाचा नवा छोटा ब्रश चालतो.

ब्लोअर वापरायचा असेल तर जाळीतून टूथपिक घालून फॅनचं पातं अडवून धरा. जोराच्या हवेनं फॅन त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो आणि बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या प्लास्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज साठते. आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. टाकीत पाणी आणि तेल साठलेलं असतं, ते हवेबरोबर थेट मदरबोर्डवर जातं. सायकलला चालतं, लॅपटॉपला नाही.

बाहेरून केलेल्या सफाईला मर्यादा आहे. खरा कचरा फॅन आणि फिन्स (हीटसिंकच्या पातळ पट्ट्या) यांच्या मधोमध, आतल्या बाजूला बसतो. बाहेरून टॉर्च मारली तर फिन्स चकचकीत दिसतात आणि आतून शंभर टक्के बंद असतात.

पायरी ५: उघडून सफाई

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा. काही कंपन्या रॅम आणि एसएसडीसाठी खालचं झाकण उघडू देतात, काही स्क्रूवर स्टिकर लावतात. ऑन-साइट वॉरंटी असेल तर हे काम त्यांच्याच माणसाकडून करून घ्या, पैसे भरलेलेच आहेत.

स्वतः करणार असाल तर तुमच्याच मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ पूर्ण बघा, मग सुरू करा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवा. झाकणाच्या खाचा सोडवायला जुनं एटीएम कार्ड वापरा, लोखंडी काही नको. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. त्याआधी कशालाही हात लावायचा नाही.

फॅन सहसा दोन ते चार स्क्रूंवर असतो. त्याची बारीक केबल ओढू नका, कनेक्टर नखानं हळू सरकवा. फॅन उचलला की फिन्सच्या तोंडाशी घोंगडीच्या तुकड्यासारखा जाड थर दिसेल. तो चिमट्यानं अखंड उचलला जातो. बऱ्याच जणांचं दुखणं इथंच संपतं.

पण आपल्या भागातली धूळ नेहमी अशी सरळ नसते. हळदीच्या हंगामात मार्केट यार्ड किंवा हळद कांडपाच्या गिरणीजवळच्या घरातून आलेले लॅपटॉप उघडले की फिन्सवर पिवळट थर असतो. हळदीची पूड अतिशय बारीक, त्यात थोडं तेल. पावसाळ्याची दमट हवा लागली की ती घट्ट बसते, ब्लोअरला दाद देत नाही. तिथं हीटसिंक काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनंच धुवावा लागतो, म्हणजे पायरी ७ आपोआप आली. साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांत थंडीत, गाळप चालू असताना, बॉयलरची काजळी उडते. ती काळी आणि हलकी, ब्रशनं लगेच निघते, पण पंधरवड्यात परत येते. तिथं राहणाऱ्यांनी हंगाम संपल्यावर एकदा आत सफाई करून घ्यावी, आणि हंगामात लॅपटॉप खिडकीपासून लांब ठेवावा. हॉस्टेलच्या खोल्यांत मात्र मुख्य कचरा गादीच्या कापसाचा आणि केसांचा.

घरी सिगारेट ओढली जात असेल तर तो चिकट थर सगळ्यात वाईट. तो काढायचे आम्ही जास्त पैसे घेतो.

पायरी ६: फॅन

फॅन बाहेर काढलाच आहे तर बोटानं फिरवून बघा. सहज फिरून हळू थांबला पाहिजे. खरखर, अडखळणं किंवा पातं वर-खाली हलणं म्हणजे बेअरिंग गेलं. त्यात शिलाई मशीनचं तेल घालणारे भेटतात. तेल घातलेला फॅन काही दिवस शांत राहतो, मग त्याच तेलावर धूळ बसून जाम होतो. फॅन बदला. मॉडेलवरून नव्हे, फॅनवरच्या स्टिकरवरच्या पार्ट नंबरवरून मागवा. सीपीयूचा आणि जीपीयूचा फॅन दिसायला सारखे, पण बरेचदा एकमेकांचे आरसे असतात.

पायरी ७: पेस्ट आणि पॅड

घड्याळाच्या चाचणीत दुसरा प्रकार निघाला असेल, किंवा लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल, तरच इथं या.

हीटसिंकच्या स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे असतात. काढताना उलट्या क्रमानं, लावताना सुलट्या क्रमानं, प्रत्येक थोडाथोडा. एकच बाजू आधी आवळली तर चिपचा कोपरा तुटू शकतो, कारण लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपसारखं सीपीयूवर धातूचं झाकण नसतं, उघडी सिलिकॉनची चिप असते. त्यामुळेच मध्ये एक थेंब टाकून सोडून द्यायचं नाही. पातळ थर पूर्ण चिपवर, चारी कोपऱ्यांपर्यंत पसरवायचा. पेस्ट घट्ट प्रकारची घ्या. पातळ पेस्ट रोज गरम-गार होताना कडेला ढकलली जाते आणि काही महिन्यांत तक्रार परत येते. हनीवेलचा पीटीएम ७९५० हा साधारण ४५ अंशांना मऊ होणारा पॅड या कामाला चांगला आहे, पण खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

बाजूच्या मेमरी चिपांवर आणि कॉइलजवळ जे मऊ थर्मल पॅड असतात त्यांच्या जागी पेस्ट भरू नका, आणि जाडी बदलू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटर घातला तर हीटसिंक वर उचलला जातो, मुख्य चिपला टेकतच नाही. "पेस्ट बदलल्यापासून जास्त तापतंय ओ" म्हणून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिली शंका हीच.

इथं हात थांबवा

टचपॅड वर आलाय, खालचं झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय: बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका. थेट दुकानात.

हीटसिंकखाली पेस्टऐवजी पाऱ्यासारखा चकाकणारा द्रव दिसला तर तो लिक्विड मेटल. काही महागड्या गेमिंग मॉडेलमध्ये तो कंपनीतूनच येतो. त्यातून वीज वाहते, एक थेंब इकडेतिकडे गेला की मदरबोर्ड शॉर्ट, आणि अॅल्युमिनियमला तो खातो. हीटसिंक उचलायच्या आधीच आपल्या मॉडेलमध्ये हा आहे का ते बघून घ्या.

चिप १०० वर आणि फिन्स हाताला गार, नवी पेस्ट लावूनही तसंच, तर हीटपाइप गेली. ती दुरुस्त होत नाही, पूर्ण हीटसिंक बदलावा लागतो. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा पट्टे येत असतील, जळका वास येत असेल, पाणी किंवा चहा सांडला असेल, किंवा लॅपटॉप पुराच्या ओलीत राहिला असेल, तर चालू करूनही बघू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घरात ठेवलेले लॅपटॉप "सुकलाय आता" म्हणून चालू करण्याच्या घाईत अनेकांचे बोर्ड गेले.

दुकानात देताना दोन गोष्टी मागा. दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं तापमान, एकाच गेममध्ये, एकाच मोडवर, निदान पंधरा मिनिटं चालवून, तुमच्यासमोर. आणि झाकण उघडं असतानाचा फोटो. कोणी जीपीयूला गरम हवा मारून बरा करून देतो म्हणालं तर लॅपटॉप उचला आणि परत या. तसा बरा झालेला जीपीयू सहसा काही आठवड्यांत पुन्हा जातो, आणि दुसऱ्या वेळी कुणी हमी देत नाही.